तुंबडी, हिजामा, कपिंग : लावून घेण्याआधी, लावताना आणि लावल्यानंतर

आठवड्यातून दोन-तीन जण तरी विचारतात, "डॉक्टर, कपिंग करून घेऊ का?" मी उलट विचारते, "दुखतंय कुठे? आणि त्या दुखण्यापायी काय करता येत नाही?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळतं, दुसऱ्याला माणसं अडखळतात. एका कांदा व्यापाऱ्याने बराच विचार करून सांगितलं, "गाडी मागे घेताना मान वळत नाही, ताई." असं उत्तर मला हवं असतं. कपिंगचा उपयोग झाला की नाही, हे त्याच्या बाबतीत पुढे याच एका गोष्टीवरून ठरलं. पाठीवर उठलेल्या जांभळ्या वर्तुळांवरून ते ठरत नाही आणि कपात साकळलेल्या रक्तावरूनही ठरत नाही.

मी आयुर्वेदाची पदवीधर, नाशिक जिल्ह्यात तालुक्याच्या गावी दवाखाना चालवते. कोरडं कपिंग, म्हणजे कातडीवर कप टेकवून आतली हवा कमी करणं, नेहमी करते. ओलं, म्हणजे रक्त काढायचं कपिंग, मालेगावच्या एका युनानी डॉक्टरांच्या शेजारी बसून शिकले आणि ते अगदी निवडक रुग्णांवरच करते. पुढचं सगळं लिहिलं आहे ते खुर्चीच्या पलीकडे बसणाऱ्यासाठी: जायचं की नाही, कोणाकडे जायचं, तिथे काय पाहायचं आणि घरी आल्यावर काय करायचं.

तुंबडी आपल्या घरातलीच

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर गोल डाग दिसले आणि कपिंग हा शब्द जिमपासून ब्यूटी पार्लरपर्यंत पोचला. पण मराठीला ही गोष्ट नवी नाही. 'फासण्या टाकून तुंबडी लावणे' हा आपला जुना शब्दप्रयोग आहे. फासण्या म्हणजे कातडीवर मारलेले बारीक चरे, आणि तुंबडी म्हणजे वाळवून कोरलेला कडू भोपळा.

सुश्रुतसंहितेत रक्तमोक्षणाची, म्हणजे रक्त काढण्याची, तीन साधनं शेजारी-शेजारी येतात: शृंग, जलौका आणि अलाबू. शृंग म्हणजे गायीचं शिंग. ते फासण्यांवर टेकवायचं आणि टोकाकडून तोंडाने हवा ओढून घ्यायची. जलौका म्हणजे जळू. अलाबू म्हणजे भोपळा, त्यात पेटता दिवा ठेवून तो त्वचेवर बसवायचा. कोणतं साधन कधी वापरायचं याचा विचारही तिथे आहे. शिंग उष्ण आणि स्निग्ध म्हणून वातात, जळू पाण्यात राहणारी आणि थंड म्हणून पित्तात, भोपळा रूक्ष आणि तीक्ष्ण म्हणून कफात. आजच्या शरीरशास्त्राशी ही मांडणी जुळत नाही, पण एकच साधन सगळ्यांना लावू नका, आधी रुग्ण पाहा, हा त्यामागचा आग्रह मला अजूनही मोलाचा वाटतो.

अरबीत याच उपचाराला हिजामा म्हणतात. युनानी वैद्यकात तो 'इलाज बित्तदबीर' या शाखेत मोडतो. कोरडा तो 'हिजामत बिला शर्त', फासण्या टाकलेला तो 'हिजामत बिश्शर्त'. दम (रक्त), बलगम (कफ), सफरा (पित्त) आणि सौदा (काळं पित्त) या चार खिल्तांचा, म्हणजे शरीरातल्या द्रवांचा, तोल राखणं ही त्यामागची कल्पना. मुस्लिम समाजात या उपचाराला धार्मिक आदरही आहे आणि चांद्र महिन्याच्या १७, १९ आणि २१ तारखा त्यासाठी उत्तम मानतात. चीनमध्ये आधी शिंग, मग बांबू आणि काच आली. फिनलंडमध्ये सौनात, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या खोलीत, बसून रक्त काढायची रीत आहे, तर रशिया आणि पोलंडमध्ये खोकला-सर्दीला पाठीवर काचेचे पेले लावत. एकमेकांपासून इतक्या लांबच्या लोकांनी एकच गोष्ट केली, यावरून ती केल्यावर माणसाला काहीतरी बरं वाटतं एवढं नक्की कळतं. त्यापुढचं तपासावं लागतं.

कपाखाली नेमकं काय घडतं

कपातली हवा कमी केली की कातडी आणि खालचा मऊ भाग आत ओढला जातो. हवा कमी करायच्या तीन रीती आहेत. ज्योतीने: काचेच्या कपात क्षणभर पेटता बोळा फिरवतात, आतली हवा तापून फुगते, थोडी बाहेर पडते, कप टेकवल्यावर उरलेली हवा निवते आणि आकसते. पंपाने: प्लास्टिकच्या कपाला वर झडप असते, तिला हातपंप लावून हवा खेचतात. तिसरी सिलिकॉनच्या मऊ कपाची, तो दाबून चिकटवायचा आणि सोडायचा. आपल्याकडे बेंबी सरकली म्हणून पोटावर दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालतात, तेही याच तत्त्वावर चालतं.

ओढ बसली की त्वचेतल्या बारीक केशवाहिन्या फुटतात, रक्त कातडीखाली झिरपतं आणि वर्तुळ उठतं. मुका मार बसल्यावर होतं तेच. डाग किती गर्द होणार हे ओढ किती, वेळ किती आणि कातडी कशी यावर असतं. "जितका काळा डाग तितकं विष जास्त" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. मी स्वतःच्या मांडीवर, जी कधीच दुखली नव्हती, जोरात पंप मारून दहा मिनिटं कप ठेवून पाहिला. वांग्यासारखा डाग उठला आणि नऊ दिवस राहिला.

ओल्या कपिंगमध्ये कपात जेलीसारखा गोळा दिसतो आणि तो "घाण रक्त" म्हणून रुग्णाला दाखवतात. लोक त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात. रक्त शरीराबाहेर येऊन काचेला किंवा प्लास्टिकला लागलं की काही मिनिटांत गोठतंच. तपासणीसाठी साध्या नळीत काढलेलं रक्तही तसंच गोठतं, आणि ते पूर्ण निरोगी माणसाचं असलं तरी गोठतं. शरीरातला टाकाऊ माल निवडून बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. फासण्यांतून येतं ते नेहमीचंच रक्त आणि थोडा पेशींमधला द्रव. माझ्या युनानी गुरूंनी पहिल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, "रक्त दाखवून रुग्णाला घाबरवायचं नाही आणि खूशही करायचं नाही."

मग बरं का वाटतं? मालिशमध्ये स्नायू दाबला जातो, इथे तो वर उचलला जातो. ताठरलेल्या भागाला उलट दिशेने ताण मिळतो. कातडीवरच्या जोरदार संवेदनेपुढे खालची वेदना काही काळ मागे पडते. शिवाय वीस मिनिटं कोणीतरी तुमच्याकडे नीट लक्ष देतं आणि तुम्ही फोन बाजूला ठेवून पालथे पडता. यातलं शेवटचं मी कमी लेखत नाही.

पुरावा किती आहे

२०१२ साली 'प्लॉस वन' या नियतकालिकात कपिंगवरच्या १३५ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. नागीण, चेहऱ्याचा लकवा, मुरुमं आणि मानेचा स्पाँडिलोसिस यांत इतर उपचारांच्या जोडीला कपिंग दिलं तर अधिक फायदा दिसला, असा त्याचा सूर होता. पण त्यातल्या बहुतेक चाचण्यांची रचना कच्ची होती, आणि ही गोष्ट आढावा लिहिणाऱ्यांनीच मांडली.

मला जास्त शिकवलं ते २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीने. फायब्रोमायॅल्जिया, म्हणजे अंगभर दुखणाऱ्या आजाराच्या १४१ रुग्णांचे तीन गट केले. एकाला खरं कपिंग, दुसऱ्याला खोटं, तिसऱ्याचे नेहमीचे उपचार चालू. खोटं म्हणजे कसं? कपाला बारीक भोक, त्यामुळे लावल्यावर थोडी ओढ जाणवते आणि मग हवा आत शिरून ती नाहीशी होते. पाच बैठकांनंतर खऱ्या कपिंगचा गट नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरा होता, पण फरक लहान होता. आणि खोट्या कपाच्या गटाच्या तुलनेत दुखणं कमी झाल्याचं दिसलं नाही.

याचा मी काढलेला अर्थ असा: मान, पाठ, खांदा यांच्या जुनाट स्नायूदुखीत कपिंगने काही दिवस हलकं वाटू शकतं, त्यात कपाच्या ओढीइतकाच काळजी घेतली गेल्याचा आणि अपेक्षेचाही वाटा आहे. मधुमेह, थायरॉइड, वंध्यत्व, कर्करोग, हृदयातल्या ब्लॉकेजसाठी कपिंग करा असं कोणी म्हणालं तर तिथून उठून या. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, लकवा अशा आजारांवर इलाजाच्या जाहिराती करायला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदीच आहे.

पहिलं काम: दुखण्याचं निदान

कप लावायच्या आधी दुखतंय कशाने हे कळलं पाहिजे. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, चालताना पाऊल लुळं पडायला लागलं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. ताप, विनाकारण उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, बरेच दिवस चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, यांपैकी काहीही असेल तर आधी तपासण्या.

डावा खांदा, जबडा किंवा पाठीचा वरचा भाग दुखतोय आणि सोबत घाम, दम किंवा छातीवर दडपण असेल तर ईसीजीआधी कोणालाही हात लावू देऊ नका. पोटदुखीवर तर कप किंवा तांब्या लावूच नका. अपेंडिक्सच्या दुखण्याची सुरुवात बरेचदा बेंबीजवळच होते आणि "बेंबी सरकली" म्हणून गेलेले काही तास फार महाग पडतात.

यातून पार झालात की एक वही घ्या आणि तीन ओळी लिहा. दुखणं ० ते १० मध्ये किती. कोणतं एक काम अडतंय (मान वळवणं, खाली बसून उठणं, कडेवर मूल घेणं). रात्री किती वेळा जाग येते. याच तीन ओळी पुढे दर बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी लिहायच्या.

कोणी लावून घेऊ नये

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी ओलं कपिंग करूच नये, कोरडंही डॉक्टरांना विचारूनच. अ‍ॅन्जिओप्लास्टी झालेले कितीतरी लोक अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेतात आणि "मला काही आजार नाही, फक्त सकाळची गोळी आहे" असं सांगतात. म्हणून गोळ्यांची पाकिटंच सोबत न्या. आणि कृपा करून कपिंगसाठी ही गोळी बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने ती मनाने थांबवली तर जीवावर बेतू शकतं, इतकं मोल कोणत्याही कपाला नाही.

हिमोग्लोबिन कमी असेल तर ओलं कपिंग नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे "अंगात कसकस आहे, थकवा आहे" म्हणून रक्त काढायला येणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला आधीच रक्त कमी आहे, आणि थकवा बहुधा त्याचाच आहे. रक्तदानासाठी १२.५ ग्रॅम लागतं, तीच रेषा मी इथेही पाळते. ओलं कपिंग वारंवार करून लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय झालेले रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत.

बाकीचे थोडक्यात. गरोदरपणात पोट आणि कंबर पूर्ण वर्ज्य. रक्त न गोठण्याचा आजार, प्लेटलेट कमी, हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होण्याच्या वाटेवर, अंगात ताप: नाही. सोरायसिस असेल तर कप लावलेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. जखमेचा वण वर फुगून येण्याची प्रवृत्ती असेल तर फासण्या टाकू नका, नाहीतर पाठभर वण राहतील. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पायांवर कप नको; भाजलेलं कळणारसुद्धा नाही. फुगलेल्या शिरा, तीळ, पुळ्या, सूज आणि जखमेवर कोणालाही नको. लहान मुलांना तर अजिबात नको.

माणूस आणि जागा पारखा

ओल्या कपिंगमध्ये कातडी कापली जाते, म्हणून ते नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं. बीयूएमएस (युनानी) आणि बीएएमएस (आयुर्वेद) डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, तिचा क्रमांक भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर दिसतो. दिसला नाही तर विचारा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. नोंदणीशिवाय वैद्यक व्यवसाय करण्याला १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाने मनाई आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं रंगीत प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. कोरडं कपिंग प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टही चांगलं करतात.

मंगल कार्यालयात भरणाऱ्या मोफत किंवा सवलतीच्या शिबिरांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. काही वर्षांपूर्वी अशा एका शिबिरातून एक मावशी माझ्याकडे आल्या. पाठीवर पाच फोड, त्यातले दोन फुटलेले. स्पिरिटचा बोळा कपात जास्त भिजलेला होता आणि जळतं स्पिरिट ओघळलं होतं. त्यांना सांगितलं गेलं होतं, "फोड आले म्हणजे सांध्यातलं पाणी बाहेर पडलं." तीन आठवडे ड्रेसिंग केलं. रांगेत शंभर माणसं उभी असताना प्रत्येकासाठी नवे हातमोजे, नवं ब्लेड आणि नवे कप वापरले जात असतील का, हे आत शिरायच्या आधी पाहा. चांद्र महिन्याच्या ठरलेल्या तारखांनाही दवाखान्यांत अशीच गर्दी उसळते. त्या तारखेवर तुमची श्रद्धा असेल तर ती जपा, पण आठवडाभर आधी वेळ ठरवून सकाळचा पहिला नंबर घ्या. रोजा असेल तर रक्त काढणं इफ्तारनंतर ठेवा, उपाशीपोटी भोवळ लवकर येते.

आत गेल्यावर चार गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या. ब्लेड किंवा लॅन्सेटचं (टोचायच्या बारीक सुईचं) पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. कप नव्या पाकिटातले हवेत, कारण प्लास्टिकच्या कपाच्या झडपेत रक्त शिरलं तर ते धुऊन निघत नाही. काचेचे असतील तर ऑटोक्लेव्ह केलेले, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेले हवेत. हातमोजे तुमच्यासाठी नवे चढवले पाहिजेत. आणि कचऱ्याची सोय: २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, वापरलेलं प्लास्टिक लाल पिशवीत, ब्लेड पांढऱ्या, टोचून भोक न पडणाऱ्या डब्यात. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो, म्हणून "डेटॉलने पुसलंय" हे उत्तर चालत नाही. या चारपैकी एक जरी कमी असेल तर कोरडं करून घ्या किंवा परत या.

दहा बैठकांचं पॅकेज आधी पैसे भरून घेऊ नका. एक बैठक, मग वही, मग पुढची. पहिल्याच दिवशी दहांचे पैसे मागणारा तुमच्या दुखण्यापेक्षा स्वतःच्या तुंबड्या भरण्याकडे लक्ष देतोय असं समजा.

कोरडं की ओलं?

नवखा असाल तर कोरडं. स्नायूदुखीत ओल्याने कोरड्यापेक्षा ठळक फायदा होतो असं मला माझ्या रुग्णांत दिसलेलं नाही, धोका मात्र नक्की वाढतो. कोरड्यातही दोन प्रकार आहेत: कप जागेवर ठेवायचा, किंवा तेल लावून तो हळूहळू सरकवायचा. पाठीच्या लांब स्नायूंना सरकता कप मानवतो आणि डागही फिकट उठतात.

बैठकीच्या दिवशी

दोन तास आधी हलकं खा, भाकरी-भाजी किंवा पोहे चालतील. पाणी प्या. नेहमीच्या गोळ्या घ्या. पाठीवरचे केस घरी रेझरने काढू नका, त्याने बारीक जखमा होतात.

बसून कपिंग करून घेऊ नका. पालथं किंवा कुशीवर झोपा. धडधाकट पैलवान गडीसुद्धा रक्त पाहून किंवा नुसत्या ओढीने भोवळ येऊन पडताना मी पाहिला आहे. डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, गार घाम यातलं काही जाणवलं की लगेच सांगा. कप काढून, उताणं झोपवून पाय उंच केले की बहुतेकांना दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं.

पहिल्या वेळी ओढ कमीच ठेवायला सांगा, पंपाचे एक-दोन झटके पुरेत. ओढल्यासारखं वाटलं पाहिजे, ठसठसलं नाही पाहिजे. कातडी गुलाबी, मग लालसर होते. काळी-निळी पडायला लागली किंवा पाण्याचा बुडबुडा दिसला की कप काढायचा. पहिल्यांदा पाच मिनिटं, पुढे जास्तीत जास्त दहा. कप लावून डॉक्टर दुसऱ्या खोलीत गेले तर हाक मारा. मणक्याच्या हाडावर, मानेच्या पुढच्या बाजूला, काखेत, जांघेत आणि डोळ्यांजवळ कप लावायचा नसतो.

ओलं असेल तर क्रम असा: जंतुनाशकाने जागा पुसणं, तीन ते पाच मिनिटं कोरडा कप, तो काढून फासण्या, पुन्हा कप, मग स्वच्छ करून ड्रेसिंग. फासण्या वरवरच्या हव्यात, मांजराने ओरखडल्यासारख्या. टाके घालावेत अशा खोल जखमा कोणी करत असेल तर तिथेच थांबवा. युनानीत मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या मधोमध 'काहिल' नावाची जागा सगळ्यात जास्त वापरतात. ती जागा सपाट, मांसल आणि मोठ्या रक्तवाहिन्यांपासून दूर आहे, म्हणून तुलनेने सुरक्षितही आहे.

घरी करायचं असेल तर

घरी फक्त सिलिकॉनचा कप. ज्योत नाही, ब्लेड नाही. स्वतःच्या पाठीवर हात पोचत नाही, म्हणून घरातल्या कोणाला तरी शिकवा. आधी पोटरीवर किंवा मांडीवर सराव करा.

जागा कोमट पाण्याने पुसून कोरडी करा. तीळतेल किंवा खोबरेल चमचाभर चोळा. कप अर्धाच दाबा, टेकवा, सोडा. आत चढलेल्या कातडीचा उंचवटा एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त दिसला तर ओढ जास्त आहे, काढून पुन्हा लावा. घड्याळ लावून तीन मिनिटं. काढताना ओढून उपटायचा नाही: कपाच्या कडेशी बोटाने कातडी दाबली की हवा आत जाते आणि तो आपोआप सुटतो. खांद्याच्या वरच्या जाड स्नायूवर आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, हाडापासून दोन बोटं सोडून, लावता येतो. एका वेळी चारपेक्षा जास्त कप नको. कप साबणाने धुऊन उन्हात वाळवा आणि घरातही एकमेकांचे कप वापरू नका.

नंतरचे दिवस, आणि खरा उपयोग

पहिले २४ तास कडक पाण्याची आंघोळ, पोहणं आणि जड व्यायाम टाळा. कोरड्या डागांना काही लावायची गरज नाही; काही दिवसांत ते पिवळट होऊन विरतात, क्वचित दोन आठवडे लागतात. ओलं असेल तर ड्रेसिंग दिवसभर कोरडं ठेवा. फासण्यांवर हळद, तेल, राख, मध काही भरू नका. धनुर्वाताची लस झालेली नसेल तर घ्या. पाण्याचा फोड आला तर फोडू नका. लाली पसरत गेली, पू आला, ताप आला किंवा ती जागा बधिर झाली, तर साध्या एमबीबीएस डॉक्टरांकडे जा आणि कपिंग केल्याचं स्पष्ट सांगा. रक्तदान करायचं असेल तेव्हा रक्तपेढीतही सांगा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कपानंतर जे दोन-तीन दिवस हलके जातात, त्यांना मी उघडी खिडकी समजते. त्या दिवसांत व्यायाम सुरू करायचा. मानेसाठी हनुवटी मागे घेऊन पाच सेकंद धरायची, दिवसातून दहा-दहा वेळा. कंबरेसाठी सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालणं. दुखण्यामुळे आखडलेलं शरीर एरवी व्यायामाला तयार होत नाही, या दिवसांत होतं. कांद्याच्या व्यापाऱ्याचं तसंच झालं. दोन बैठका झाल्या, पण तो फिजिओने शिकवलेले मानेचे व्यायाम गल्ल्यावर बसल्या-बसल्या करत राहिला. सहाव्या आठवड्यात गाडी मागे घेताना मान वळली. तिसरी बैठक त्याला लागलीच नाही.

ज्यांनी फक्त कप लावले आणि व्यायाम केला नाही, ते दर महिन्याला त्याच जागी त्याच दुखण्यासाठी येतात. त्यांना मी कप लावणं थांबवते. त्यातले काही जण नाराज होऊन दुसरीकडे जातात, मला वाईट वाटतं, पण महिन्यामागून महिने तोच डाग उठवत राहणं माझ्या मनाला पटत नाही.

तीन बैठकांनंतर वही उघडा. अडलेलं काम सुटलं नसेल, आकडा दोन तरी खाली आला नसेल, तर कपिंग तुमच्यासाठी नाही. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे निदान पुन्हा तपासून घ्या. फायदा असेल तर कोरडं कपिंग आधीचा डाग पूर्ण गेल्यावरच त्या जागी करा. ओलं मी महिन्याच्या आत दुसऱ्यांदा करत नाही आणि दर वेळी आधी हिमोग्लोबिन पाहते. बीपीची, शुगरची, थायरॉइडची गोळी या सगळ्या काळात जशीच्या तशी चालू राहते.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर डाग असतील आणि त्याच आठवड्यात त्यांना दुसऱ्या कुठल्या कारणाने रुग्णालयात न्यावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना आपणहून सांगा की हे कपिंगचे डाग आहेत, अमुक दिवशी लावले होते. रक्ताचा आजार, मारहाण किंवा पडल्याची खूण समजून नको त्या तपासण्या त्याने टळतात.